उपसरपंच निवडीआधीचा रविवार

फिल्टर कॉफीचा वास आला की मला तो पुण्यातला रविवार आठवतो. दुसऱ्या दिवशी गावात उपसरपंचाची निवड होती आणि मी ग्रामपंचायतीचा नवाकोरा सदस्य होतो. अशा वेळी आमच्याकडं सदस्यांना मतदान होईपर्यंत सहलीच्या नावाखाली लांब नेऊन ठेवतात, हे शेंबडं पोरही जाणतं. त्यात विरोधी पॅनेलमधला माझा शाळेपासूनचा मित्र सकाळीच मोटारसायकल घेऊन दारात आला. "चल पुण्याला, निवांत फिरू." नाही म्हटलं तर भित्रा ठरेन, म्हणून मागं बसलो. रांजणगाव मागं पडलं तसा मी सारखा फोन काढून बघू लागलो. त्यानं बागेत फिरवलं, डोसा खाऊ घातला, वर म्हणाला, "तो फोन ठेव की खिशात!" झालं, माझी खात्रीच पटली. कॉफी टेबलावर येताच हात धुवायच्या निमित्तानं मी मागच्या दारानं सटकलो आणि रिक्षानं थेट स्टँड गाठून गावाकडं जाणाऱ्या शिरूरच्या एसटीत जाऊन बसलो. पाचच मिनिटांत तो धापा टाकत खिडकीशी हजर. "आरं, पोट बिघडलं का तुझं? रिक्षाच्या मागं मागं आलोय!" "मतासाठी मला डांबतोस व्हय?" मी ओरडलो. सगळी एसटी वळून बघू लागली. तो खिडकीचा गज धरून हसत सुटला. "येड्या, नवातली सहा मतं कवाच आमची झाली. तुझं मत कुणाला पायजे? निवडणुकीपासून बोलत नव्हतास, म्हणून आणलं." मी खाली उतरलो. मित्रावर संशय घेतल्याची लाज मला आता वाटते. त्या दिवशी मात्र मला पळवून न्यायच्याही लायकीचं कुणी समजलं नाही, याचाच राग आला होता.