‘इतर’ नावाचं फोल्डर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून तर मी बाहेर कुठं भजी खाल्ली तेही लपत नाही. आठ वर्षं झाली. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या घरचे नाहीत, म्हणून. घरच्यांसमोर तोंड उघडायची माझी हिंमत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्याबद्दल काही भलतं चांगलं मत नको.

मुकुंदवाडीत आमचं घर. खाली दादा आणि सुनंदावहिनी, वर मी, माझी बायको आणि मुलगी. दादा शेंद्र्याला कंपनीत शिफ्ट करतो. मी सॉफ्टवेअरवाला. घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की शेवटचा शब्द माझा. प्रिंटर अडला — मला हाक. मोबाईल भरला — मला हाक. मी कपाळाला आठ्या घालून जायचो, पण खरं सांगू? मला ते लई आवडायचं.

त्या वर्षी एका शिक्षण संस्थेची शिक्षकभरती निघाली. नाव नको, त्यांचा यात काही दोष नाही. अर्ज ऑनलाइन होते आणि ते सॉफ्टवेअर आमच्या कंपनीनं केलं होतं. त्यातला कागदपत्रं घ्यायचा भाग माझा. एकट्याचा.

आता इथं थोडं कामाचं बोलावं लागेल, कंटाळू नका. कुणी फाईल पाठवली की ती कसली आहे — पीडीएफ आहे, फोटो आहे, की भलतंच काही — हे प्रोग्रॅमनं ओळखायचं असतं. खरं तर फाईल आतून बघावी. मी बघायचो फक्त नावाकडं. नावात टिंब असतं आणि टिंबाच्या पुढं प्रकार लिहिलेला असतो, एवढं तर तुम्हालाही ठाऊक असेल. मी प्रोग्रॅमला सांगितलं — पहिलं टिंब शोध, त्याच्या पुढं जे असेल तो प्रकार. शेवटचं टिंब म्हणायला पाहिजे होतं. मी पहिलं म्हणालो. तपासताना माझ्या फाईलींची नावं कसली? ‘टेस्ट’, ‘टेस्ट दोन’. त्यांत टिंब एकच. सगळं सुरळीत चाललं.

आणि प्रकार ओळखू आला नाही तर? तर फाईल ‘इतर’ नावाच्या फोल्डरात टाकायची. पुढं बघू म्हणून. अर्ज करणाऱ्याला मात्र ‘धन्यवाद, कागदपत्रे मिळाली’ असंच दिसायचं. ते पुढचं बघणं मी कधी केलंच नाही.

वहिनींचं माहेर पाचोड. बी.एड. झालेल्या. सहा-सात वर्षं इथल्याच एका छोट्या शाळेत त्या तात्पुरत्या शिकवत होत्या — दर जूनला जाऊन विचारायचं, यंदा आहे का मला काम? कायमची जागा म्हणजे ही भरती. आणि वयाच्या अटीत त्या तेवढ्या एका वर्षापुरत्याच बसत होत्या. पुढच्या वर्षी अर्जच करता आला नसता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

अर्ज मी भरून दिला असता. पण वहिनींचा हट्ट, आपलं आपण करायचं. माहेरी गेल्या होत्या, तेव्हा बाजाराच्या दिवशी पाचोडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून घेतली आणि तिथनंच पाठवली. दुकानदारानं फाईलला नाव दिलं ते अदबीनं. आधी सौ., मग टिंब, मग सुनंदा. बाईमाणसाचं नाव आपल्याकडं नुसतं कुठं लिहितात?

यादी लागली. वहिनींच्या नावापुढं — अपात्र, कागदपत्रे जोडलेली नाहीत. आक्षेप घ्यायला तीन दिवस.

वहिनी म्हणत राहिल्या, मी जोडलेत, माझ्यासमोर जोडलेत. संस्थेच्या कचेरीत जाऊन आल्या. तिथला कारकून म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे नाही. रात्रीच्या जेवणाला दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “एक कागद धड जोडता येईना, पोरांना काय शिकवणार?” वहिनींच्या हातात वाढायचा चमचा होता. त्यांनी मला वरण वाढलं आणि हळूच म्हणाल्या, “तुमच्याच कंपनीचं हाय ना ते, भाऊजी? जरा बघता का?”

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत मी बघितलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ‘इतर’ उघडलं आणि समोर त्यांची फाईल. माझ्या प्रोग्रॅमच्या मते त्या फाईलचा प्रकार होता ‘सुनंदा’. मी ती उघडली. दहावी, बारावी, पदवी, बी.एड. — एकही पान तिरकं नाही, एकही पुसट नाही.

ती एकटी नव्हती. खाली ओळीनं फाईली होत्या. सौ. अमुक, कु. तमुक, परत सौ., परत कु. एखाददुसरा पुरुष, नावाआधी इनिशियल टाकणारा. बाकी सगळ्या बाया. पुरुष आपापलं नुसतं नाव टाकून मोकळे झालेले. त्यांच्या फाईली बरोबर पोचलेल्या. ज्यांची नावं कुणीतरी मान देऊन लिहिली होती, त्याच सगळ्या माझ्या फोल्डरात पडून होत्या. मी डब्याचं झाकण लावलं. अर्धी पोळी तशीच राहिली.

मी काय करायला पाहिजे होतं, हे तुम्ही सांगायची गरज नाही. उठून साहेबांच्या केबिनमध्ये जायचं, एवढंच. केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. दोन दिवस हातात होते. संस्थेला फोन गेला असता, सगळ्यांचे अर्ज पुन्हा विचारात घेतले गेले असते. मला बोलणी बसली असती. फार तर नोकरी गेली असती. पण आठवडाभरापूर्वीच साहेब संस्थेच्या लोकांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, याच्या कामात चूक सापडायची नाही. मला ती थाप सोडवेना. एवढीच गोष्ट आहे. दुसरं काही कारण असतं तर मी हौसेनं सांगितलं असतं.

मी प्रोग्रॅममधला एक शब्द बदलला — ‘पहिलं’च्या जागी ‘शेवटचं’. पुढच्या कुणाची फाईल अडणार नव्हती. आधीच्या तिथंच राहू दिल्या. उगीच चौकशी नको म्हणून.

संध्याकाळी घरी आलो तर वहिनी दारातच उभ्या. मी चपला काढत होतो. खाली मान घालून बोलता येतं, म्हणून जरा वेळ लावूनच काढल्या. म्हणालो, “नाही वहिनी, फाईल आलीच नाही. तुमच्याकडूनच राहिली असेल.”

बस. हेच ते वाक्य. चूक कुणाकडूनही होते हो. पण हे वाक्य चूक नव्हती.

वहिनी म्हणाल्या, “माझंच चुकलं असंल. तुमचा जीव उगीच खाल्ला, भाऊजी.” आणि मला चहा करून दिला. मी तो प्यायलो! आजही मला कुणी अचानक चहा पुढं केला की आधी तो कप आठवतो.

आक्षेप त्यांनी घेतलाच नाही. पाचोडच्या दुकानदारानं शपथेवर सांगितलं, ताई, मी पाठवली होती. वहिनींनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला. पुढच्या जूनला त्या शाळेत विचारायलाही गेल्या नाहीत. आता त्या फोनवरचा साधा फॉर्मसुद्धा भरत नाहीत. गॅस नोंदवायचा, मला हाक. आधारवरचा पत्ता बदलायचा, मला हाक. “माझा हात लागला की बिघडतंय,” असं हसून चारचौघांत सांगतात, आणि सगळे हसतात. मीही हसतो. काय करू? हसलो नाही तर कुणीतरी विचारेल, का रे, काय झालं?

कंपनी बदलायची म्हणून दोनदा राजीनामा लिहिला. त्यानं काय होणार होतं? वहिनी तर घरात आहेत. जिना उतरलो की समोर आहेत. माझ्या मुलीला गणित त्याच शिकवतात. भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक असे शिकवले की पोरगी परत कधी चुकली नाही. मी जिन्यात बसून ऐकतो आणि मला वाटतं, हे साठ पोरांच्या वर्गात चालायला पाहिजे होतं. मी ते आमच्या स्वयंपाकघरात कोंडून ठेवलं. आणि त्यांच्यासोबत मीही तिथंच अडकलो.

त्यांची फाईल मी एका पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली आहे. पुसवत नाही. दाखवायची तर सोडाच.

गेल्या महिन्यात मुलीचा अकरावीचा अर्ज भरत होतो. वहिनी शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या. पोरीनं मार्कशीटच्या फाईलला नाव दिलं — कु., टिंब, मग स्वतःचं नाव. मी ओरडलोच, टिंब काढ ते! आता कुठलंच सॉफ्टवेअर एवढ्यानं अडत नाही. तरी ओरडलो.

“टिंबानं काय होतं, भाऊजी?” वहिनींनी विचारलं.

काही नाही, म्हणालो. सवय आहे.

त्या मेथीची जुडी हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, “माझ्या फाईलीला सौ. होतं. सौ. आणि टिंब. त्या दुकानदारानं माझ्यासमोर लिहिलं होतं.”

मी म्हणालो, “हं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोराकडं बाई बघतात, तसं. मला वाटलं, आता विचारतील. मी स्क्रीनकडं डोळे लावून बसलो. त्यांनी काही विचारलं नाही. निवडलेली मेथी उचलली आणि आत गेल्या. माझंच चुकलं असंल, असं या वेळी त्या म्हणाल्या नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी मला एकदाही हाक मारलेली नाही. परवा गॅस त्यांनी स्वतः नोंदवला. एका दमात, न चुकता.

फाईल आली होती. पाठवली त्याच दिवशी आली होती, आणि सगळी पानं व्यवस्थित होती.