मी जागी होते

लोक माझ्या पाया पडायला लागले, तिथंच खरं तर मला संशय यायला हवा होता. माझ्यासारख्या तोंडाळ, तापट बाईच्या पाया कोण पडतंय? पण त्या चातुर्मासात निपाणीतल्या आमच्या गल्लीतल्या बायका खरंच पडायच्या. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मी दिसले की वाट सोडायच्या. "काय वैराग्य आलंय बघा बाईला," असं कानावर यायचं आणि माझ्या अंगावर काटा यायचा. वैराग्य-बिराग्य काही नव्हतं. मला काहीच वाटेनासं झालं होतं, एवढंच.

नीट पहिल्यापासून सांगते. माझा मसाल्याचा धंदा आहे. घरामागं पत्र्याची शेड, तिच्यात मिरची भाजायच्या कढया, कुटायचं मशीन आणि कामाला सहा-सात बायका. आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि उंबऱ्याबाहेर मी तोच कांदा पोत्यांनी वाळवत असते. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यावर तोडगा काढलेला. शेडमधून आलं की आधी न्हाणीत जायचं, मग घरात. स्वतः त्यांनी शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. नवरा बँकेत, बदलीच्या गावी. पंधरवड्यातून एकदा घरी. मुलगी बेळगावात शिकायला, टिळकवाडीत खोली घेऊन राहणारी. म्हणजे धंदा माझा एकटीचा. भाजणं मीच, चव बघणं मीच, दुकानदारांचे फोन मीच घ्यायचे, आणि माल पोचवायला व्हॅनही मीच चालवायची. दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नव्हता. लोक कौतुक करायचे आणि मी फुगायचे.

आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. मी शेडमधून निघेपर्यंत मावळलेला असायचा. सुरुवातीला भूक लागायची, चिडचिड व्हायची, मी आत्यांवर खेकसायचे. मग भूकच लागेना. मग बोलायचाही कंटाळा यायला लागला. कुणी काही विचारलं की उत्तर आतून वर येईपर्यंत तो माणूस निघून गेलेला असायचा. आत्यांनी आपल्या परीनं त्याचा अर्थ लावला आणि बस्तीत जाऊन सांगितलं, "आमच्या सुनेनं एकाशन धरलंय. दिवसातनं एकदाच जेवती. संध्याकाळनंतर मौन."

ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मग बरं वाटलं. फोन वाजला की आत्या परस्पर सांगायच्या, "तिचं मौन हाय, उद्या करा." कोणी जेवायचा आग्रह करेना, कोणी "चेहरा असा का गं?" म्हणून विचारेना. मला लपायला इतकी चांगली जागा मिळाली की मी तिथनं बाहेर येईचना. आजारी माणसाला चार लोक डॉक्टरकडं ओढत नेतात हो. व्रत करणाऱ्याला कोण नेतंय?

एकदा कढईत मिरची जळत होती. मी समोर उभी, हातात उलथनं. धूर झाला, ठसक्यानं सगळ्या बायका बाहेर पळाल्या. मीही खोकत होते, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण हात हलवावा असं काही वाटेना. "आक्का, जळालं की ओ! बाजूला सरा!" म्हणत एकीनं मला ढकललं आणि गॅस बंद केला. माल गेल्याचं दुःख झालं नाही. आधी असतं तर सगळी शेड डोक्यावर घेतली असती. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पहिल्यांदा घाबरले. वाटलं, हे शरीर माझं आहे आणि मी ते चालवत नाहीये. मग चालवतंय कोण?

सकाळी उठून परत शेडमध्ये गेले. दुसरं काय करणार?

भाद्रपदातलं दशलक्षण पर्व चालू होतं. शनिवारी मी बेळगावात माल उतरवला आणि दुपारी मुलीला घेऊन निघाले. ती बडबडत होती, कॉलेजचं काहीतरी. काकती गेलं, संकेश्वर गेलं, मला त्यातलं काही दिसलं नाही. तवंदी घाटाचा उतार लागला. पुढं एक मोठा कंटेनर होता. त्याचे लाल दिवे लागले. मला दिसले. अगदी स्पष्ट दिसले. ब्रेक मारायला पाहिजे, हेही कळलं. पाय जागचा हलला नाही. आणि मनात काय आलं सांगू? आलं, की बरं झालं, आता थांबायला मिळेल.

शेजारी माझी पोर बसली होती. तिचा विचारसुद्धा आला नाही.

"आई!" ती किंचाळली. तिनं स्टिअरिंग डावीकडं ओढलं, हँडब्रेक खेचला. गाडी खडीवर घसरत गेली आणि कडेच्या चिखलात कलून थांबली. मागं दुकानदारानं परत दिलेल्या मसाल्याचं खोकं होतं, ते फुटलं. आम्ही दोघी दारं उघडून बाहेर पडलो आणि रस्त्याच्या कडेला वाकून खोकत राहिलो. तिच्या तोंडावर, केसांत, पापण्यांवर लाल तिखट. "झोप लागली काय गं तुला?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "व्हय."

पोरगी बिचारी माझीच पाठ चोळत होती. "रात्रंदिवस मरमर मरतीस, झोप लागंल न्हाय तर काय," म्हणत होती. मी जागी होते. हे तिला सांगायचं कसं? कोणती आई सांगेल?

घरी आलो तर आत्यांनी देवापुढं दिवा लावला. "तुझ्या तपानंच वाचलात गं," म्हणाल्या. झालं! गावभर तेच. पर्व संपल्यावर घरी पारणं करायचं ठरलं, म्हणजे माझा उपास चारचौघींच्या साक्षीनं सोडवायचा. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायलाही ताकद लागते. त्या मधल्या दिवसांत मी व्हॅनची किल्ली देवघरातल्या फळीवर, उंचावर ठेवून दिली आणि तिकडं बघायचंच टाळत होते. मुलगी त्या सोमवारी बसनं गेली आणि पारण्याला म्हणून परत आली. तिला यायला जरा उशीर झाला तरी माझ्या पोटात ढवळायचं का? तर नाही. तेही होईना. त्याचीच जास्त दहशत बसली होती.

पारण्याच्या सकाळी सोप्यात, पुढच्या खोलीत, बायका बसलेल्या. मला पाटावर बसवलं. आत्या मुगाच्या कढणाची वाटी घेऊन समोर आल्या. नवी साडी नेसलेल्या, तोंडावर असं समाधान की बघवत नव्हतं. मुलीला म्हणाल्या, "आधी आईच्या पाया पड. पुण्याईनं वाचलीस तिच्या."

मुलगी वाकली. तिच्या भांगात अजून थोडं तिखट राहिलंय असा मला भास झाला. मी तिचे दोन्ही हात धरले आणि वर ओढलं.

"पडू नको. मला झोप लागली नव्हती."

"काय?"

"घाटात. मी जागी होते. ट्रक दिसत होता मला. मी ब्रेक मारला न्हाय."

मुलीनं हात सोडवून घेतले आणि दोन पावलं मागं सरकली. तिच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते शत्रूलाही बघायला लागू नये. तिला माझी भीती वाटली होती. माझ्या पोरीला, माझी.

"एकाशन न्हाय, मौन न्हाय, काय न्हाय," मी बोलतच सुटले. "मला भूक लागत न्हाय. मला कुणाचं काय वाटत न्हाय. मला काय झालंय मला कळंना झालंय, आत्या."

मला वाटलं, आता ह्या वाटी आपटणार. भर बायकांत नाक कापलं होतं मी त्यांचं. त्या वाटी हातात घेऊनच बायकांकडं वळल्या आणि मंदिरात सूचना देतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "पारणं न्हाय आज. माझी सून आजारी हाय. मला कळलं न्हाय, चूक माझी. जावा आता घरला सगळ्याजणी." बायका चपला शोधत उठल्या. आत्यांनी दार लावून घेतलं, माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि चमच्यानं मला कढण भरवलं. बारक्या पोराला भरवतात तसं, हनुवटीखाली हात धरून. मी आधी गिळलं आणि मग रडले.

नवऱ्यानं रजा टाकली. बेळगावातल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "झोपेनं जातो तो थकवा तुम्ही कधीच मागं टाकलाय," त्या म्हणाल्या. "हा आजार आहे. बरा होतो. पण तुम्ही आहे तसंच चालू ठेवलंत तर होणार नाही." गोळ्या दिल्या, गाडी बंद सांगितली आणि कामाचं विचारलं. मी म्हटलं, माझ्याशिवाय शेड चालणार नाही. नवरा पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला, "नको चालू दे मग!"

शेड काही दिवस बंदच राहिली. नंतर उघडली ती अर्धी. मला ढकलणारी ती बाई आता भाजते. तिचं भाजणं माझ्यासारखं होत नाही, आणि गिऱ्हाइकांना त्यातलं डोंबल काही कळत नाही. मोठ्या दुकानांना माल द्यायचं सोडलं. ऊन उतरायला लागलं की आत्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहतात, पदर नाकाला लावून. "चल जेवायला. बंद कर ते." मी उठेपर्यंत हलत नाहीत.

माझ्यात पहिल्यांदा परत आला तो राग. गॅसवाल्यानं टाकी उन्हात टाकली म्हणून मी त्याला असा झाडला की शेजारी बाहेर आले. आत्या स्वयंपाकघरातनं ओरडल्या, "आली गं बया माझी परत!" आणि मग भूक आली. भीती मात्र लवकर आली नाही. मी तिची वाट बघत होते, हे कुणाला सांगून पटायचं नाही.

मुलगी दर शनिवारी बसनं यायची, सोमवारी बसनं जायची. माझ्याशी नीट बोलायची, हसायची. पण घरात मी गप्प झाले की तिची नजर लगेच माझ्याकडं वळायची. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायची परवानगी दिली तेव्हा मी तिला विचारलं, सोडू का बेळगावला? "बस बरी आहे, आई," ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारणार?

परवा मी एकटीच माल देऊन येत होते. घाटाचा उतार. पुढं उसाचा ट्रक, लांब होता तसा, आणि त्यानं वेग कमी केला. माझ्या पोटात असा गोळा आला! हात घामानं ओले झाले, पाय कधी ब्रेकवर गेला कळलंसुद्धा नाही. मागचा गाडीवाला हॉर्न मारून शिव्या देत निघून गेला. खाली सपाटीला गाडी कडेला घेतली आणि पोरीला फोन लावला.

"काय झालं?" तिचा आवाज चिरकला. "कुठं आहेस तू?"

"काय न्हाय झालं. घाट उतरले. मला भीती वाटली गं."

"लई?"

"लई."

"मग सोमवारी बसनं नको, मी तुझ्याबरोबर येते," ती म्हणाली.