पूजा झाली आणि मशीन रुसली

मंडळी, आज आमच्या झाशीच्या कारखान्यात विश्वकर्मा पूजा झाली आणि मोठी प्रेस मशीन चालूच होईना!

मी फ्यूज तपासले, रिले बदलला, पॅनेलमध्ये डोकं खुपसून घामाघूम झाले. साहेबांचे सारखे फोन.

मग दिसलं. हात मध्ये आला की मशीन थांबवणारा एक सेन्सर असतो. ऑपरेटर दुबेजींनी झेंडूची माळ नेमकी त्याच्यासमोर लटकवली होती.

"दुबेजी, माला हटाइए."

"मैडम जी, विश्वकर्मा बाबा बुरा मान जाएँगे!"

शेवटी मीच हळूच माळ बाजूला सरकवली. मशीन धडधडून सुरू!

दुबेजींनी हात जोडले. "देखा, पूजा का असर!"

साहेबांनीही मान डोलावली. आता सांगा, दुरुस्तीच्या रजिस्टरमध्ये दुरुस्ती कोणी केली म्हणून लिहू?