डावीकडची बशी

दुपारी तीन वाजता मास्तरांचा फोन यायचा. "आज चहाबरोबर काय?" असं ते विचारायचे आणि मास्तरीणबाई शिलाई मशीनवरचा पाय न उचलता म्हणायच्या, "तुम्ही म्हणाल ते." मग मास्तर सांगायचे. केळी काळी पडलीत, केळ्याचा केक कर. किंवा, दोन दिवस गोड झालं, आज काहीतरी खारं कर. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात काही उणं आहे असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवायचे. टपावर पाटी असलेली त्यांची छोटी गाडी सकाळी सातपासून रस्त्यावर असायची आणि मास्तरांच्या तोंडाचा पट्टाही तेव्हापासूनच सुरू व्हायचा. शिकणाऱ्या प्रत्येकाला ते एक टोपणनाव द्यायचे. एका बँकेच्या मॅनेजरला त्यांनी 'गचका' नाव ठेवलं होतं आणि तो माणूस पुढे लग्नाच्या मुलीची ओळखही 'ही गचक्याची धाकटी' अशी करून द्यायचा.

मास्तरीणबाईंना स्वतःला गाडी येत नव्हती. मास्तरांनी कधी शिकवली नाही आणि बाईंनी कधी मागितली नाही. दोन गल्ल्या पलीकडे पडदे शिवायचं वर्कशॉप होतं, तिथे त्या कामाला होत्या. साडेतीनला सुटायच्या, घरी येऊन ओव्हन लावायच्या. वजनकाटा वगैरे भानगड नव्हती. कान तुटलेला एक कप होता, त्या कपाने मैदा, त्याच कपाने साखर, दूध अंदाजाने. लोक जशा कपबशा विसळतात तसा त्या केक करायच्या, डोकं दुसरीकडे ठेवून. साडेचारला मास्तर दोन धड्यांच्या मधे घरी यायचे, केक खायचे, बोलायचे, आणि बाई ऐकायच्या.

ज्या दिवशी हे सगळं थांबलं तो गुरुवार होता. मास्तरांच्या शेजारी दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक मुलगी गाडी शिकत होती. तिचा सातवा धडा. तिसरा गिअर टाकायचा म्हटलं की तिच्या हाताला घाम फुटायचा, म्हणून तिचं नाव 'सेकंड गिअर' पडलं होतं. चौकाच्या अलीकडे मास्तर तिला म्हणाले, "बिस्किट."

तिला वाटलं, मास्तरांची नेहमीची थट्टा. ती हसली. मास्तर पुन्हा म्हणाले, "बिस्किट, बिस्किट," आणि तिने बघितलं तर त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, उजवा हात मांडीवरून घसरून सीटवर पडला होता. मुलगी थांबली नाही. तिने मोठ्या दवाखान्याच्या दिशेने गाडी वळवली आणि सबंध अंतर, चढावासकट, सेकंड गिअरमध्येच कापलं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. गाडीतून जळका वास येत होता. दवाखान्याच्या दारात तिने गाडी बंद केली तेव्हा, ती नंतर सांगायची, तिच्या लक्षात आलं की पक्कं लायसन्स नसताना आपण मास्तरांना घेऊन इथवर आलो.

मास्तर वाचले. सहा आठवड्यांनी घरी आले तेव्हा उजवा हात आणि पाय लाकडासारखे झाले होते, आणि एवढ्या बोलणाऱ्या माणसाकडे एकच शब्द उरला होता.

"बिस्किट," मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाले.

बाईंनी बिस्किटं केली. पहिला घाणा करपला, दुसरा बरा झाला. बशी पुढे केली तर मास्तरांनी डाव्या हाताने ढकलली. "बिस्किट," ते कळवळून म्हणाले. बाईंनी खसखस लावलेली करून बघितली, मिठाची करून बघितली, विकतची आणून बघितली. चौथ्या दिवशी मदतीला येऊन राहिलेल्या मास्तरांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे बाईंच्या नणंदेने, उठून खिडकीचा पडदा सरकवला, कारण तिच्याच डोळ्यांवर ऊन येत होतं. मास्तर गप्प झाले. त्यांना ऊन लागत होतं, एवढंच.

मास्तरांना बोलतं करायला आठवड्यातून दोनदा एक थेरपिस्ट यायची. तिने समजावलं. "काकू, त्यांना बिस्किट नकोय. तो शब्द जिभेवर अडकून बसलाय. पाणी म्हणायचं असलं तरी तोंडातून तोच येणार."

"मग त्यांना काय हवंय ते मला कसं कळायचं?"

"दोन गोष्टी समोर ठेवा आणि विचारा. ते बोट दाखवतील."

बाईंनी वर्कशॉपमधून रजा घेतली होती. त्यांना रडू आलं नाही. नणंद पहिले काही दिवस त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली, कधी फुटते याची वाट बघत असल्यासारखी. मग तिनेही नाद सोडला. बाई सकाळी उठायच्या, मास्तरांना अंघोळ घालायच्या, औषधं द्यायच्या, पायाचा व्यायाम करून घ्यायच्या. अंगावरून कुणी जाडसर पडद्याचं कापड घातलं आहे आणि आतून आपण हे सगळं बघतो आहोत, असं त्यांना दिवसभर वाटायचं. त्याचा त्रास नव्हता. उलट बरंच पडत होतं.

चहाला त्या दोन बशा ठेवायला लागल्या. एका बशीत केकचा तुकडा, एकीत खारे टोस्ट. "अहो, काय देऊ?" मास्तर विचार केल्यासारखं करून केककडे बोट दाखवायचे. रोज केकच. दोन आठवडे केकच. बाई नणंदेला म्हणाल्या, "ताई, यांना गोडच लागतं आता."

"लहानपणी चोरून साखर खायचा," नणंद म्हणाली. "गेलंय कुठे ते."

एका दिवशी भाजून निघालेला केकचा डबा बाईंनी घाईत टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात टेकवला. केकची बशी रोज मास्तरांच्या डावीकडे असायची; तिकडे आज जागा उरली नाही, म्हणून ती उजवीकडे गेली आणि डब्याच्या अलीकडे टोस्टची छोटी बशी बसली. मास्तरांनी टोस्टकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डावीकडे रिकामी बशी ठेवली आणि उजवीकडे केक. "अहो, काय देऊ?"

मास्तरांनी थोडा विचार केला आणि रिकाम्या बशीकडे बोट दाखवलं.

बाईंनी केक उचलून त्या बशीत ठेवला, मास्तरांना भरवला, बशा विसळल्या. थेरपिस्ट आली तेव्हा तिने तपासून सांगितलं की हो, उजव्या बाजूचं त्यांना दिसतच नाही, तुमच्या बरं लक्षात आलं. आता रोज मान वळवायला शिकवायचं. बाईंनी तो धडा सकाळी लावून घेतला. चहाला मात्र एकच बशी ठेवली, डावीकडे. दोन आठवडे मास्तर काही ठरवत नव्हते, हे त्यांनी नणंदेला सांगितलं नाही.

आता साडेतीन वाजता बाई फळीसमोर उभ्या राहायच्या. मैदा होता, साखर होती, कोको होता, फ्रीजमध्ये चीज होतं. काय करावं हे सुचायचं नाही. फोन येणार नाही हे ठाऊक होतं, त्या फोनची वाट बघत होत्या असंही नाही. फक्त हात कुठल्या डब्याकडे न्यावा हे कळत नसे. मग त्या साधा व्हॅनिलाचा केक लावायच्या, कारण त्याला काही ठरवावं लागत नाही.

असे सलग अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी नणंद बशी पुढे सरकवून म्हणाली, "अगं, हा केक चावून चावून माझी कवळीसुद्धा कंटाळली. दुसरं काही कर की."

"काय करू?"

"तुला आवडेल ते कर."

बाईंनी टेबलावरचा चुरा गोळा केला. मग म्हणाल्या, "ताई, खरं सांगू? मला काय आवडतं ते मला माहीत नाही."

नणंदेने नेहमीसारखी कोटी केली नाही. तिने तोच केक पुन्हा उचलला आणि निमूटपणे संपवला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर तीन लिंबं पडलेली होती. मास्तरांना आंबट चालत नसे, म्हणून या घरात लिंबाचा केक कधी झाला नव्हता. बाईंनी काही मनात धरलं होतं असं नाही. हाताला लागलं म्हणून लिंबू उचललं, साल किसली. वास स्वयंपाकघरभर झाला. चांगला होता की वाईट, हे त्यांनी ठरवलं नाही. केक ओव्हनमध्ये गेला आणि त्या स्टुलावर बसून राहिल्या.

साडेचारच्या आत दाराची घंटी वाजली. सेकंड गिअर आली होती. हातात कागद होता. "काकू, मी पास झाले," ती म्हणाली. "दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमधून परीक्षा दिली, पण मास्तरांना दाखवल्याशिवाय खरं वाटेना."

ती आत जाऊन मास्तरांसमोर कागद धरून उभी राहिली. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली, हाक मारली, पुन्हा मारली. मास्तरांनी आवाजाने मान हलवली, पण भलतीकडेच. मुलीचा चेहरा उतरला.

"उजवीकडे बसलीस तू," बाई म्हणाल्या. "डावीकडे ये."

ती डावीकडे आली. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांचा डावा पाय उचलला गेला आणि फरशीवर जोरात दाबला गेला. शिकवणाऱ्याच्या बाजूला एक ब्रेक असतो, तो दाबतात तसा.

"बिस्किट," ते कडक आवाजात म्हणाले.

"थांबले, मास्तर," मुलगी म्हणाली. "थांबले बघा." आणि ती रडायला लागली. नणंदेनेही पदर डोळ्यांना लावला. बाई दारात उभ्या होत्या, हातात सुरी होती. त्यांनी दोघींकडे बघितलं आणि आपल्याला काय होतंय ते चाचपून पाहिलं. काही होत नव्हतं. पाय दुखत होते. केक अजून गरम असताना कापला तर तुटेल, एवढा एक विचार होता.

तरी त्यांनी तो कापला. तुटलाच. मास्तरांनी पहिला घास तोंडात घेतला आणि लहान मुलासारखं तोंड वाकडं केलं. बाईंनी त्यांच्यासाठी टोस्ट आणले आणि त्यांच्या बशीतला केक स्वतः खाल्ला. मग स्वतःच्या बशीतला खाल्ला. साखर थोडी कमी पडली होती. तो कमीपणा त्यांना जाणवला आणि तो तसाच असावा असंही वाटलं. गेल्या कित्येक आठवड्यांत एवढंच काय ते त्यांना वाटलं होतं.

चहानंतर मुलगी बशा विसळायला आली. "काकू, तुम्ही फार खंबीर आहात हो," ती म्हणाली.

"खंबीर नाही गं. मला काही वाटतच नाही."

ती बशी पुसत राहिली.

"वाटेल कधीतरी," बाई म्हणाल्या. "किंवा नाही वाटणार. ती वरच्या फळीवर ठेव."

मास्तर पुढे चार वर्षं जगले. शब्द परत आले ते तीसेक, त्यात बाईंचं नाव नव्हतं, पण 'गचका' होता. बाई अर्ध्या दिवसासाठी वर्कशॉपमध्ये जाऊ लागल्या आणि तेवढा वेळ नणंद घरी बसायची. साडेतीनला घरी आल्यावर त्या फळीसमोर उभ्या राहायच्या, पूर्वीइतका वेळ नाही. चीज किसायच्या किंवा कोकोचा डबा काढायच्या, आणि एखाद्या दिवशी नणंदेला बाहेरच्या खोलीतून विचारू न देता आधीच सांगून टाकायच्या, "ताई, आज खारं आहे."