नानासोचं उबवणीचं कपाट

दहिवडीच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत नानासोचं दुरुस्तीचं दुकान आहे. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटार, काय बिघडेल ते लोक तिथं आणून टाकतात. तरुणपणी तो माधवनगरच्या गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडल्यावर थोडी वर्षं सांगलीत एका फ्रिजवाल्याच्या हाताखाली राबला आणि मग माण तालुक्यात, आपल्या गावी परत आला. बायको पुण्याला मुलाकडं नातवंडं सांभाळायला असते. हा दुकानातच राहतो, तिथंच दोन भाकरी थापतो, आणि हातात पाना नसला की त्याला करमत नाही.

अंडी उबवायच्या यंत्राचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते मोबाइलमुळं. कुणीतरी थर्मोकोलच्या खोक्यात दोन बल्ब लावून पिल्लं काढून दाखवत होतं. नानासोला ते खोकं काही पटलं नाही. बल्बाजवळची अंडी भाजायची आणि कोपऱ्यातली गारठायची. करायचं तर नीट कपाटच करायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

शेजारचं औषधाचं दुकान आवरलं तेव्हा तिथलं एक जुनं लाकडी कपाट त्यानं मागून आणलं. आतून थर्मोकोल लावला, त्यावर पातळ पत्रा ठोकला, दाराला काच बसवली. खाली चार बल्ब, पाठीमागं छोटा पंखा, म्हणजे ऊब वरच्या खणापासून खालच्या खणापर्यंत सारखी फिरेल. तळाला पाण्याचं पसरट भांडं ठेवलं, कारण हवा कोरडी पडली की पिल्लू टरफलाला आतून चिकटून मरतं. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते, तशा अंड्यांच्या जाळ्या हळूहळू इकडून तिकडं कलाव्यात म्हणून एक बारकी मोटार जोडली. बल्ब चालू-बंद करायला थर्मोस्टॅट लावला, पण नुसत्या त्याच्यावर भरवसा ठेवायला मन धजेना. कळ चिकटून वीज बंदच झाली नाही की काय होतं हे त्यानं गिरणीत पाहिलं होतं. म्हणून वर आणखी एक थर्मोस्टॅट बसवला. पहिला बिघडून ऊब वाढायला लागली, तर दुसऱ्यानं वीज तोडायची. त्याला तो राखणदार म्हणायचा.

पहिल्या खेपेला गल्लीतल्या घरांतून मागून आणलेली अंडी ठेवली. तीन आठवड्यांनी कपाटातून चिवचिव ऐकू यायला लागली, तेव्हा समोरचा हॉटेलवाला भट्टी सोडून बघायला आला. नानासो साठीच्या घरातला माणूस, पण त्या दिवशी त्यानं दुकानापुढून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून आत बोलावलं.

त्याची थोरली बहीण धोंडुबाई तिथून जवळच्या एका वाडीत राहते. तिची कोंबड्यांची जात वाडीत सगळ्यांना ठाऊक होती. ठिपक्याच्या, काळ्या पायांच्या, माणातला उन्हाळा काढणाऱ्या. लग्नात आईनं डालग्यात घालून दिलेल्या दोन तलंगांपासून, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांपासून, तिनं ती जात राखलेली. त्या साली तिच्या दोन कोंबड्या एकदमच खुडूक बसल्या होत्या. नानासोनं तिला कपाटाबद्दल सांगितलं, आणि भावानं केलंय म्हटल्यावर तिनं त्यांच्या खालची अंडी काढली, घरातली आणखी गोळा केली आणि भुशात घालून टोपलीभर त्याच्या हवाली केली.

"समदी तुज्या पदरात घातली बघ," ती म्हणाली. "घरात एक ठिवलं न्हाई."

"काळजी नको करू, आक्का. कोंबडीपरास बरी उबवंल माजं कपाट."

पहिले दिवस सगळं ठीक चाललं. अंड्याला बॅटरी लावली की आत लाल शिरांचं जाळं दिसायचं, आणि मधोमध एक ठिपका हलायचा. तेवढ्यात विट्याकडचा एक कोंबड्या पाळणारा आला. त्याला असंच कपाट हवं होतं, मोठं आणि लगेच. नानासोनं घाईघाईनं ते जुळवलं. सगळं झालं, पण दुसरा थर्मोस्टॅट काही मिळेना. गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं. तेव्हा त्यानं आपल्या कपाटातला राखणदार काढून त्याच्या कपाटाला लावला. सांगलीहून दुसरा आणू, एका दिवसाचा तर प्रश्न, असा हिशेब त्यानं केला. टेम्पोत बसून विट्याला गेला, कपाट लावून दिलं, तिथून सांगलीला गेला. माधवनगरातले गिरणीतले जुने सोबती भेटले. त्यांनी आग्रह केला आणि हाही रात्री तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान उघडलं तेव्हा दारातच त्याला तापलेल्या लाकडाचा वास आला. बल्ब जळतच होते. कळ चिकटलेली होती. त्यानं एकेक अंडं उचलून बॅटरीवर धरलं. शिरांचं जाळं कुठंच नव्हतं, आत नुसतं काळपट कडं दिसत होतं. तरी त्यानं यंत्र दुरुस्त करून अंडी परत ठेवली आणि दिवस पुरे होईपर्यंत वाट पाहिली. त्यातून काही निघणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

आक्काचा फोन आला. "निगाली का रं पिल्लं?"

सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच गेलं, "निगाली की. आणतो दोन दिसांत."

आठवडी बाजारात मोटारसायकलवर खुराडी लावून पिल्लं विकणारे येतात. त्यांच्यातल्या ठिपक्याची, काळ्या पायांची तेवढी त्यानं निवडून घेतली. विकतची पिल्लं आधी वेगळी ठेवावीत, लस द्यावी, मगच जुन्या कोंबड्यांत सोडावीत, हे तो स्वतः गिऱ्हाइकांना सांगत असे. पण वेगळी ठेवायला सांगितलं असतं तर आक्कानं कारण विचारलं असतं. तो काही बोलला नाही.

वाडीत पिल्लं पोचली तेव्हा शेजारची दगडाबाईही बघायला आली. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी तिचं नाव दगडा ठेवलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी पूजा लोणंदला दिलेली, घरात ही एकटी. तिनं एक पिल्लू तळहातावर घेतलं, गालाला लावलं. "काय ग्वाड हायत गं धोंडे," म्हणाली आणि अलगद खाली सोडलं.

आठवड्याच्या आत तेच पिल्लू पहिल्यांदा पेंगायला लागलं. मग बाकीची. हिरवट हगवण लागली, माना पिळवटल्या. पाठोपाठ आक्काच्या मोठ्या कोंबड्यांनी माना टाकल्या. नानासो निरोप मिळताच गेला. दारात पाऊल टाकल्याबरोबर त्याला कळलं की ही मानमोडी, कोंबड्यांची राणीखेत आहे, आणि कुठून आली तेही कळलं. दोन तलंगा आणि एक कोंबडा सोडला तर खुराडं रिकामं झालं होतं.

आक्का उंबऱ्यावर बसली होती. तिनं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या होत्या, त्याचा ठसका अजून घरात होता.

"दगडीनं हातात घेतल्यालं पिल्लूच पैलं ग्येलं," ती म्हणाली. "तिची नजर लागली असंल का रं, नाना?"

ती त्याच्याकडं बघत होती. दुरुस्तीतलं, यंत्रातलं, आजारपणातलं काही विचारायचं तर ती त्यालाच विचारायची. त्याला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की मग कशानं मेल्या, हे सांगावं लागलं असतं.

"असंल," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी धोंडुबाई दगडाबाईच्या दारात गेली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं बोलली. नवरा खाल्लास, म्हस खाल्लीस, आता माझ्या कोंबड्यांवर आलीस, माझ्या अंगणात पाय टाकू नको. नानासो तोवर एसटीत बसला होता. त्याला हे दुसऱ्याच कुणाकडून कळलं, आणि कळूनही तो गप्प राहिला. कपाटाची वायर त्यानं काढून ठेवली. कुणी विचारलं तर म्हणायचा, मोटार जळलीय.

तीनेक महिने गेले. बाजाराच्या दिवशी तो वाडीला गेला, आक्कानं चहा केला. चुलीतलं लाकूड सरकवत ती सहज बोलल्यासारखी बोलली.

"दगडीची पूजा बाळंत झाली. ल्योक झाला."

"हितं न्हाई आणली? पैलंच बाळंतपण न्हवं?"

"दगडीनंच येऊ नको म्हणून सांगितलं. माज्या नजरंत दोष हाय म्हणली, तिकडं सासूकडंच ऱ्हा. पोरीनं फोन करून करून बोलीवलं, तरी ही अजून लेकराचं तोंड बघाय ग्येली न्हाई." आक्कानं फुंकणीनं चूल फुंकली. "मी रागाच्या भरात बोलले रं. तिनं एवढं मनाला लावून घ्यावं व्हय?"

नानासोनं कप खाली ठेवला. "आक्का, ती पिल्लं तुज्या अंड्यांची नव्हती."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. राखणदार काढला ते, माधवनगरला राहिला ते, बाजारातली पिल्लं, फोनवरचं खोटं. ती ऐकत होती. मधेच तिनं चुलीतलं लाकूड ओढून विझवलं.

"मी तुला इचारलं हुतं," ती शेवटी म्हणाली.

"व्हय."

"तू असंल म्हणलास. तू न्हाई म्हणला असतास तर मी तिच्या दारात ग्येले नसते."

नानासोनं खाली ठेवलेला कप उगाच बाजूला सारला.

"कोंबड्यांचं मी गिळलं असतं, नाना. अंडी नासली म्हणला असतास तर चार दिस बोलले नसते तुज्यासंगं, झालं." तिनं पदर खोचला. "ऊठ. चल माज्याबरूबर."

दगडाबाई दारात बसून सुपात मटकी निवडत होती. धोंडुबाईला अंगणात बघून ती आत जायला उठली. "बस दगडे," धोंडुबाई म्हणाली आणि भावाकडं वळली. पुढचं नानासोला बोलावं लागलं. उभ्यानंच तो बोलला.

दगडाबाई चिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी पाव्हणं, मी उचाललं हुतं ते पिल्लू आदीच आजारी हुतं?"

"व्हय."

"आन तुमाला कवा समजलं?"

"माना टाकाय लागल्या तवा."

"तवा समजलं," ती स्वतःशी म्हणाली. सुपातली मटकी तिनं बोटांनी एका बाजूला केली, परत पसरली. "मालक ग्येलं तवाबी लोक असंच म्हणलं. म्हस मेली तवाबी म्हणलं. मी म्हणायची, लोकांच्या तोंडाला कोण लागतंय. ह्या टायमाला मातर मलाच खरं वाटलं. माज्याच हातातलं पिल्लू पैलं मेलं न्हवं का? मग मी पोरांच्या शाळंवरनं जायचंबी सोडलं."

धोंडुबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि तोंडात पदर धरून रडली. नानासो अंगणात तसाच उभा होता. त्याला बस म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं लोणंदला गेली. दगडाबाईनं डिंकाचे लाडू आणि झबलं घेतलं होतं. पूजाचं घर स्टेशनच्या पलीकडं. दारात तिची सासू होती, तिनं तोंडभर या म्हटलं नाही. आपल्या सुनेच्या आईनं लेकीचं बाळंतपण अंगाबाहेर टाकलं, असंच तिच्या मनात असणार. मग नानासोनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, त्या अनोळखी घरात, सासूसमोर, कामावर निघालेल्या जावयासमोर. तिसऱ्यांदा सांगतानाही ते सोपं झालेलं नव्हतं. माधवनगरला मुक्काम केला, हे सांगताना त्याची जीभ अडखळली.

पूजानं पाळण्यातून मूल उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

दगडाबाईनं बाळाचे पाय हातात घेतले. एकेक बोट चाचपून बघितलं. तिची नजर पायांवरून वर जाईना.

"आई, त्याच्या तोंडाकडं बघ की."

"बघती की," ती म्हणाली आणि पायांकडंच बघत राहिली.

नानासोला वाटलं होतं, सांगून टाकलं की आपल्याही डोक्यावरचं उतरेल आणि तिच्याही. त्याला तिथं उभं राहवेना. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळानं पूजा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"काका, तुम्ही आलात, सांगितलंत, ते बरं झालं," ती म्हणाली. "पण मी बाळंत झाले तेव्हा आई नव्हती माझ्याजवळ."

त्यानं मान खाली घालून तांब्या घेतला. ती परत आत गेली. आतून सासूचा आवाज आला, विहीणबाई, आता महिनाभर राहायचं बघा, नातवाला न्हाऊ घालायला. दगडाबाई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण निघायच्या वेळी ती बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून नानासोला तिची पाठ दिसली. मूल खांद्यावर घेऊन ती खोलीत फेऱ्या मारत होती.

परतीच्या एसटीत धोंडुबाई खिडकीशी बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, पण तिनं पिशवी तिथंच राहू दिली, म्हणून तो मागच्या बाकावर बसला. फलटणला गाडी थांबली तेव्हा तिनं मागं न बघता विचारलं,

"लोकांची अंडी अजून घेतोस?"

"न्हाई. कपाट बंद हाय."

"बंद कशाला ठिवतोस? राखणदार बशीव आन चालू कर. यंतराचा काय गुन्हा हाय?" गाडी सुटल्यावर ती म्हणाली, "माज्या दोन तलंगा अंडी घालाय लागल्या की मी कोंबडीखालीच बशिवणार. तुज्याकडं न्हाई देणार."

"नको देऊ," नानासो म्हणाला.