डक्टपलीकडच्या हिराबाई

सकाळी सातला बेल वाजली तेव्हा दूधवाला समजून मी पातेलं घेऊनच दार उघडलं. दारात प्रणाली उभी होती, शेजारच्या हिराबाईंची सून. केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही. "काकू, आई गेल्या... झोपेतच," एवढंच बोलली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. एका हातानं पातेलं सावरत आणि दुसऱ्या हातानं तिची पाठ थोपटत मी उभी होते. त्याला आता दीड महिना झाला. ऐंशीच्या घरातलं वय, आदल्या संध्याकाळपर्यंत मेथी निवडत बसल्या होत्या, कुणाकडून सेवा म्हणून करून घेतली नाही. सोन्यासारखं मरण आलं, असं सगळे म्हणाले. आलं असेल. माझं मात्र तेव्हापासून स्वयंपाकघरात लक्ष लागत नाही, आणि ते का, हे सांगायचं तर आधी मला माझीच लक्तरं वेशीवर टांगावी लागतील. टांगते.

आम्ही मूळचे पुण्याचे. यांच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असताना नवीन पनवेलला हा फ्लॅट घेतला. वर्षभरानं समोरच्या फ्लॅटमध्ये घरत आडनावाची मंडळी आली. हिराबाई जवळच्याच जासई गावच्या. त्यांची भातशेती आणि मिठागर होतं तिथं आता कंटेनरची गोदामं आहेत. मुलगा नितीन ट्रेलरच्या धंद्यात, त्यानं आईला इथं आणलं. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या हातभर रुंद मोकळ्या जागेत, उघडतात, समोरासमोर. पहिल्याच दिवशी खिडकीतून एक गोल चेहरा डोकावला, "तू कोन गो बाय? कदी आलीस हितं?" पहिल्या वाक्याला अगं-तुगं! मी तोंडातल्या तोंडात काहीतरी उत्तर दिलं आणि कुकरकडे वळले.

आणि मग सुरू झाला वास. बुधवार, शुक्रवार, रविवार. ओल्या मासळीचा एक वेळ सोसला असता, पण सुकट भाजायला घेतली की माझं डोकंच उठायचं. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. ती कोरड्या तव्यावर भाजली की वास चार भिंतींत राहत नाही. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा चढत नाही घरात. मी खिडकी धाडकन लावायचे. तो दणका हिराबाईंच्या कानावर जावा हीच माझी इच्छा असायची. मग अगरबत्ती पेटवून खिडकीशी ठेवायचे. आणि बाई काय म्हणाल्या असतील? एक दिवस जिन्यात भेटल्यावर अगदी कौतुकानं म्हणाल्या, "बाय, तू लय देवाचं करतेस गो. दुपारचीपन अगरबत्ती!" कप्पाळ माझं!

तेव्हा मी सोसायटीची सेक्रेटरी होते. इमारतीत आम्हा शाकाहारी कुटुंबांचं पारडं जड. चेअरमनसाहेबांनी एक दिवस हळूच विषय काढला, "तुमचं अक्षर चांगलं आहे, मुद्देसूद लिहिता. एक ठराव तयार करा." मी केला. नुसता केला नाही, मन लावून केला. इमारतीत ओली-सुकी मासळी आणि मटण शिजवू नये, पुढे कुणीही मांसाहारी कुटुंबाला घर विकू किंवा भाड्यानं देऊ नये, आणि मोडेल त्यानं दंड भरावा. असा ठराव कायद्यात बसतो का, हे विचारण्याची बुद्धी आमच्यापैकी एकालाही झाली नाही. नितीनच्या कानावर गेलं तसा तो मुकाट्यानं कळंबोलीत घर बघायला लागला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. हिराबाईंनी मला जिन्यात गाठलं. त्यांनी पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं, "आपल्या घरात आपलं जेवन चोरून नाय खायाचं मना. आमी जातो कलंबोलीला." मग जरा थांबून म्हणाल्या, "पन बाय, मना हितंच बरं वाटतं गो. गाव गेला तवापासून कंच्या खिडकीत मानूस दिसत नव्हता. हितं तू दिसतेस..." मला टोचलं, नाही असं नाही. पण घरी येऊन मी ठरावाच्या प्रती काढल्याच.

सभा रविवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी माझ्या नातवाचा वाढदिवस. लेकीनं बेकरीतून केक आणला होता. संध्याकाळी काय लहर आली कोण जाणे, कदाचित ते जिन्यातलं बोलणं आतून कुरतडत असेल, मी केकचे दोन मोठे तुकडे बशीत घालून समोर गेले. हिराबाईंच्या घरात पाट मांडलेला, कलशाला वेणी, समोर पाच फळं. मार्गशीर्षातला गुरुवार. दिवसभराचा उपास सोडायला त्या बसतच होत्या. केक बघून जरा घुटमळल्या. "बाय, चालंल ना मना आज? महिनाभर आमच्यात काय नाय चालत, अंडंपन नाय." आणि मी, चांगली शिकलेली बाई, मान ताठ करून म्हणाले, "आमच्या घरातला आहे हिराबाई. आमच्याकडे कसला विटाळ असणार? बिनधास्त खा." त्यांनी बशी कपाळाला लावली, एक तुकडा देवीपुढे ठेवला आणि दुसऱ्यानं उपास सोडला.

केकमध्ये अंडं होतं. मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू? आमच्या घरी केकमधलं अंडं कुणी कधी धरलंच नव्हतं. ते दिसत नाही, म्हणून ते नाही. इतकी वर्षं ते मोजायचं नाही अशी जिभेला सवय, त्यांनी अंड्याचं नाव घेतलं तरी त्या क्षणी मला ते आठवलंसुद्धा नाही. रात्री लेक म्हणाली, "आई, समोर दिलास? अगं, त्या आजींचा मार्गशीर्ष ना?" तेव्हा कुठे मला आठवलं. शुक्रवारी सकाळी मी खिडकी उघडली तर हिराबाई समोर उभ्याच. प्रणालीनं आमच्या नातवाकडून बेकरीचं नाव ऐकून ओळखलं होतं, तिथले केक अंड्याचेच. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "मी आज परत उपास धरलाय. लक्ष्मीची माफी मांगली. तुज्यासाठीपन मांगली, तू मुद्दाम नाय केलास." मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. वाक्य जुनं आहे, पण त्या दिवशी मला दुसरं सुचलं नव्हतं.

रविवारी गच्चीवर सतरंज्या घातल्या. हिराबाई मागे, पाण्याच्या टाकीला टेकून बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. शेजारी नितीन, खाली मान घालून. मला खात्री होती की त्या आता उठतील आणि सगळ्यांसमोर विचारतील, माझा उपास कुणी मोडला, शाकाहारी बाईनं! एका वाक्यात सगळा ठराव आडवा झाला असता. मी वाटच बघत होते. त्या उठल्या नाहीत. चेअरमननी मला खूण केली. मी उभी राहिले, "मासळीच्या वासामुळे शाकाहारी रहिवाशांच्या धार्मिक भावनांना..." इथपर्यंत वाचलं आणि घसा बसला. कागदावरचं अक्षर माझंच, वळणदार, काना-मात्रा जागच्या जागी. मागे बघितलं तर हिराबाई मला हातानं खुणावत होत्या, पाणी पी, पाणी पी म्हणून!

मग मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि सांगितलं. केक, उपास, अंडं, सगळं. "या बाईंच्या धार्मिक भावना मी गुरुवारी बशीतून दुखावल्या, आणि त्या अजून गप्प आहेत. मला हा ठराव वाचता येणार नाही." एकदम गलका झाला. चेअरमन म्हणाले, "केकमधलं अंडं वेगळं हो!" दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पुटपुटले, "आमची पोरं बाहेर काय खातात ते आम्हाला तरी कुठं ठाऊक." कुणीतरी हसलं. आमचे हे माझा पदर ओढत होते, "अगं, तुला काय गरज होती चव्हाट्यावर बोलायची?" शेवटी हिराबाईच उठल्या आणि म्हणाल्या, "वास येतो ते खरं हाय. ठराव येईपर्यंत मना म्हाईत नव्हतं तरास होतो ते. कोनी बोललंच नाय. सुकट भाजताना मी हाक देन, तुमी खिडक्या लावा. कचरा आमी पिशवीत बांधून सोता खाली नेऊ." झालं. ठराव मांडलाच गेला नाही. दोन कुटुंबं वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती, आणि मला सेक्रेटरीपदावरून मोकळं करण्यात आलं. नितीननं कळंबोलीचं घर बघणं थांबवलं.

त्यानंतर बुधवारी-शुक्रवारी डक्टमधून हाक यायची, "बाय, टाकतंय गो!" मी खिडकी लावायचे, हळू. पुढे पुढे तीही लावायची राहायला लागली. एकदा त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या खिडकीतूनच पुढे केल्या आणि माझा चेहरा बघून म्हणाल्या, "तवा नवीन हाय. ह्याला मासली लागायची नाय, तुज्यासाठी काढलाय." अशी कागदासारखी पातळ, टम्म फुगलेली भाकरी मी जन्मात खाल्ली नव्हती. मी मासे शेवटपर्यंत खाल्ले नाहीत, त्यांनीही "एकदा चाखून तर बघ" असं कधी म्हटलं नाही. आम्ही दोघी अशाच राहिलो, तेरा वर्षं.

करोनात त्या दवाखान्यात जाऊन आल्या आणि वाचल्या, पण नाकाला वास येईनासा झाला तो झालाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. त्या दोनदा सुकट करपवून बसल्या. तिसऱ्यांदा डक्टमधून हुंदका ऐकू आला म्हणून मी धावले. तव्यावर काळा कोळसा, आणि बाई ओट्याला टेकून लहान पोरीसारख्या रडत होत्या. "मना कायच कलत नाय गो बाय. आंधल्यावानी झालंय." सून कामावर, नातवंडं शाळेत. मी म्हटलं, "रडता काय? टाका दुसरी. मला येतो ना वास! चांगला येतो! तुम्हाला ठाऊक आहे." त्या रडता रडता हसायला लागल्या. आणि मी माझ्या खिडकीशी उभी राहिले. आधी नुसता खारट दर्प येतो, मग तो मंद होतो, मग अचानक भाजक्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारं काहीतरी येतं. तिथं थांबायचं. पुढे गेलं की कडू. हे मला पहिल्याच दिवशी कळलं असं नाही. दोन वेळा मी लवकर ओरडले, एकदा उशिरा. मग जमलं. "झाली का गो?" "थांबा अजून." "आता?" "हां, उतरवा!" आमचे हे बाहेरून म्हणायचे, पुण्यात कळलं तर तुला माहेरचं दार बंद होईल.

गेल्या रविवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली मुलगी माझ्याकडे आली. नवरा-बायको दोघं नोकरी करणारी, वागायला गोड. म्हणाली, "काकू, तुम्ही इथल्या जुन्या, आणि तुम्हीही व्हेज. डक्टमधून केवढा वास येतोय! सोसायटीत काही रूल नाही का? तुम्ही बोललात तर ऐकतील ना ते." वास मलाही येत होता. सासू गेल्यावर प्रणालीनं पहिल्यांदाच तव्यावर सुकट टाकली होती. मी त्या मुलीला म्हटलं, "बोलते हं. थांब जरा." स्वयंपाकघरात गेले, खिडकी सताड उघडली आणि उभी राहिले. मुलगी माझ्या मागे येऊन नाकाला रुमाल लावून उभी. दर्प मंदावला, आणि मग ते शेंगदाण्यासारखं काहीतरी आलं. मी ओरडले, "प्रणाली, झाली गं, उतरव!"

पलीकडे तवा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. प्रणाली खिडकीशी आली, तिचे डोळे भरलेले होते. "काकू, मला वास येत होता... पण आईंनी सांगून ठेवलं होतं, काकूंनी हाक मारल्याशिवाय उतरवायची नाही."

"बरं केलंस," मी म्हटलं, आणि खिडकी तशीच उघडी ठेवून त्या मुलीकडे वळले.