काटा नाही, आ कर

माझ्या नातीला आजवर काटा लागलेला नाही. बांगड्याचा तर नाहीच, गुलाबाचासुद्धा नसेल. कारण तिचा प्रत्येक घास आधी माझ्या या दोन बोटांतून गेलेला आहे. आम्ही मूळचे मालवणकडचे, पिढ्यान्‌पिढ्या लालबागेत. आमच्यात लहान पोराला भरवायचं म्हणजे घास चुरून, चाचपून, "काटा नाही, आ कर" म्हणूनच भरवायचं. माझी बोटं त्यात इतकी तयार झालीत की डोळे बांधून हातात बिस्किट द्या, आत काटा नाही हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. सवयीने मी शिरासुद्धा चाचपतो. त्यामुळे झालं काय, की हे शब्द कानावर पडल्याशिवाय नात तोंडच उघडेना. एकदा तोंड मिटलं की समोरच्या टॉवरची क्रेन आणा, जबडा हलायचा नाही.

अशा पोरीचं नाव आम्ही प्रभादेवीच्या बालवाडीत घातलं. बाईंनी सुनेला सांगितलं, "डबा आपल्या हाताने खाता आला पाहिजे. नाहीतर मधल्या सुट्टीत तुम्ही येऊन बसायचं."

"आजोबा आले तर चालतील?" सुनेने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्यासारखे पुष्कळ पाहिले असावेत. "आजोबा अजिबात नकोत. ते भरवतात."

आता मुलगा माझा बोटीवर, भर समुद्रात. सुनेला परळच्या एका लॅबमध्ये नुकतीच नोकरी लागलेली, जूनपासून रुजू व्हायचं होतं. मधल्या सुट्टीत ती शाळेत जाऊन बसली असती तर लॅबवाल्यांनी तिला कायमचीच सुट्टी दिली असती. घरी येताना ती म्हणाली, "बाबा, माझी नोकरी आता तुमच्या नातीच्या बोटांत आहे."

म्हटलं, काळजीच सोड. अख्खा मे महिना पडलाय.

मी घरातच शाळा काढली. पाटावर नात, समोर ताट, पलीकडे मी. भरवायचं नाही, फक्त शिकवायचं. पापलेट म्हणजे शिशुवर्ग. मधे एक काटा, आंधळ्यालाही सापडेल. बांगडा म्हणजे चौथीची परीक्षा. आणि पेडवे? पेडव्यात मांस कमी आणि काटे जास्त, ती थेट मॅट्रिक! बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "शाळेत काय मासे देतले तिका? पोळी तोडूक शिकवा!" पण तिला शिक्षणातलं काय कळतं? ज्याला पेडवा जमला त्याला जगात काही अडत नाही, असं माझं मत होतं.

आणि पोरीला जमलं हो! मे संपता संपता ती पेडव्याचा सांगाडा असा अखंड बाजूला काढायची की तो म्युझियममध्ये ठेवावा. चाळीतली मांजरं आमच्या दारासमोरून उपाशी परत जायला लागली. नात घास चुरायची, चाचपायची, स्वतःशीच म्हणायची, "काटा नाही, आ कर," आणि आ करायची. सुनेच्या डोळ्यांत पाणी. मी मिशीला पीळ देत हिंडलो. मिशी नाही मला, तरी दिला.

शाळेचा पहिला दिवस. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. मधली सुट्टी झाली असेल नसेल, सुनेचा लॅबमधून फोन.

"बाबा, बटाट्यात काटे असतात?"

"का गं?"

"बाईंचा फोन होता. तुमची नात सुट्टीभर बटाट्यात काटे शोधत होती. सापडेनात, म्हणून आणखी शोधत होती. आणि शेजारच्या पोरांना सांगत होती, नीट बघा, घशात अडकतो. एकाने ढोकळ्याचा भुगा केला. एक पोरगी इडलीला घाबरून रडायला लागली. कुणीच डबा खाल्ला नाही, बाबा! उद्या असं झालं तर मला येऊन बसावं लागेल म्हणतात."

फोन ठेवला तर बायको मागे उभीच. "घातलात घोळ! आता तुमीच निस्तरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्मा पुसला, नातीला समोर बसवलं आणि तिच्यादेखत डब्यातली भाजी फोड न् फोड चाचपली. मग जुन्या आवाजात जाहीर केलं, "काटा नाही!" आणि झाकण दाबलं. खट्‌.

"आता आत काटा शिरणार नाही?" तिने विचारलं.

"झाकण लागल्यावर? त्याची काय बिशाद!"

मधल्या सुट्टीच्या वेळेला मी फोन समोर घेऊन बसलो. बायको डाळ निवडत होती, पण खडे सोडून डाळच टाकत होती. फोन वाजला. मी दोन्ही हातांनी उचलला. "सर, लोन हवंय का?" एरवी मी अशांना दोन अस्सल मालवणी शब्द ऐकवतो. त्या दिवशी म्हटलं, "नको गो बाय, पण तुझा आवाज ऐकून फार बरं वाटलं."

त्यानंतर फोन वाजला नाही. दुपारी बायकोने डबा उघडून उलटा केला. मोहरीचा दाणासुद्धा पडला नाही.

सुनेची नोकरी आता मस्त चाललीय. माझीही. रोज सकाळी डबा माझ्यापुढे येतो आणि माझा शिक्का बसल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. परवा डब्यात नुसतं केळं होतं. तेही सोललं, वरून खाली चाचपलं.

"काटा नाही," मी म्हणालो.

"नीट बघ, आबा," ती म्हणाली. "तू हल्ली घाई करतोस."